जुन्नर-आंबेगावात विद्यार्थी उद्योजकांसाठी कमी वीज खाणारी इमारत कशी बांधायची?

मार्च संपला की आमच्या स्टार्टअपचं काम दुपारी बंद पडायचं. कॉलेजनं (नाव नको) आम्हाला उद्योजकता कक्ष म्हणून गच्चीवरची पत्र्याची खोली दिली होती. टोमॅटोच्या प्लॉटसाठी मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर बनवत होतो. दोन वाजले की लॅपटॉपचे पंखे ओरडायला लागायचे. एक मित्र वैतागून पुण्याला नोकरीला गेला, तो गेलाच.

कमी विजेची इमारत म्हटलं की सगळे आधी सोलरचं विचारतात. ते शेवटी. आधी दिशा बघा. जुन्नर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. भर दुपारी, म्हणजे साडेबाराच्या सुमारास, डिसेंबरात सूर्य दक्षिणेला ४७ अंश उंचीवर असतो. मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो आणि २१ जूनला तर किंचित उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा दिला तरी उन्हाळ्यातलं ऊन अडतं. पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छज्जाला जुमानत नाही. म्हणून इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवायची आणि पश्चिम टोकाला जिना, स्टोअर, स्वच्छतागृहं टाकायची. तुमच्या वर्गाच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते मोबाईलच्या कंपासवर आत्ताच बघा. लोखंडी बाकापासून लांब उभे राहा, नाहीतर कंपास फसतो.

मग छत. वरच्या मजल्यावर सगळ्यात जास्त उष्णता तिथूनच येते. पत्रा लगेच तापतो. स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरी फरशी असेल तर खोली खूप सुसह्य होते. जाड दगड काय करतो ते लेण्याद्रीला भर दुपारी लेण्यात शिरलात की कळेल. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्य व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. म्हणजे धंदेवाल्यांचे गट इथे दोन हजार वर्षांपासून आहेत!

जाड भिंतींचा फायदा हवा तर रात्री खिडक्या उघड्या ठेवून गार हवा आत घ्यावी लागते. आपल्याकडे उसात बिबट्या, त्यामुळे खिडक्यांना मजबूत ग्रिल हवीच.

आता वीज. साधा सीलिंग फॅन सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी सुमारे ३०. असे २० पंखे रोज ८ तास चालले तर ७ युनिटच्या वर बचत. एसी लागलाच तर २४ अंशांवर ठेवा. बीईईच्या हिशेबानं एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

एवढं झाल्यावर सोलर. १ किलोवॅटला साधारण १० चौरस मीटर सावली नसलेली गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. आपल्या भागात एक जास्तीची काळजी घ्यायची. खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या अवकाशातले अतिशय क्षीण रेडिओ तरंग टिपतात. स्वस्तातले इन्व्हर्टर आणि एलईडी ड्रायव्हर रेडिओ गोंगाट करतात, त्यामुळे खरेदी करताना विद्युतचुंबकीय फिल्टर आहे का, हे विचारूनच घ्या.