आयात केलेली जुनी मोटार: मालकीचे कागद नसतील तर नोंदणीचे काय?

परदेशातून आलेली वापरलेली मोटार भारतात नोंदवताना अर्जदाराला दोन स्वतंत्र बाबी सिद्ध कराव्या लागतात. मोटार आपल्या मालकीची आहे ही एक आणि ती देशात कायदेशीर मार्गाने, शुल्क भरून आली आहे ही दुसरी. पहिल्या बाबीचा कागद गहाळ झाला असेल, तर तो बहुधा पुन्हा मिळवता येतो. दुसऱ्या बाबीचा कागद मुळात कधी तयारच झाला नसेल, तर त्याची उणीव कोणतेही प्रतिज्ञापत्र भरून काढू शकत नाही. ‘गाडी घ्या, कागद मागाहून देतो’ असे सांगणारा विक्रेता यांपैकी नेमक्या कोणत्या कागदाविषयी बोलत आहे, हे पैसे देण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ प्रमाणे नमुना क्रमांक २० मधील अर्जासोबत विक्रीचे प्रमाणपत्र, विमा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. आयात वाहनासाठी सीमाशुल्क विभागाच्या मंजुरीचे प्रमाणपत्रही लागते. व्यवहारात या सर्वांचा आधार म्हणजे ‘बिल ऑफ एंट्री’. मोटारीचे वर्णन, तिचे मूल्य आणि आकारलेले शुल्क त्यावर नोंदलेले असते. परदेशी मोटारीचा हा भारतातील जन्मदाखलाच म्हणावा लागेल. वापरलेल्या मोटारीवरील एकूण शुल्क तिच्या मूल्याच्या शंभर टक्क्यांहून अधिक होते. हा कागद टाळण्याचा मोह कोठून येतो, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

मालकीचा पुरावा देशागणिक बदलतो. ब्रिटनमधील ‘व्ही-५-सी’ हे नोंदणीपत्र वाहनाच्या नोंदणीकृत धारकाचे नाव सांगते. ते मालकीचा पुरावा नाही, असे त्या पत्रावरच छापलेले असते. त्यामुळे खरेदीची पावती तितकीच महत्त्वाची ठरते. अमेरिकेत प्रत्येक राज्य स्वतंत्र ‘टायटल’ देते आणि जुनी मोटार जहाजाने बाहेर पाठवायची असल्यास ते मूळ कागदपत्र किमान ७२ तास आधी तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांना दाखवावे लागते. जपानमध्ये निर्यातीपूर्वी नोंदणी रद्द करून तसे प्रमाणपत्र दिले जाते. हे कागद हरवल्यास ज्या देशाने ते दिले, तेथील कार्यालयाकडेच दुय्यम प्रत किंवा नोंदीचा उतारा मागावा लागतो. भारतातील परिवहन कार्यालय तो तयार करून देऊ शकत नाही.

बिल ऑफ एंट्री हरवले असेल, तर ज्या सीमाशुल्क कार्यालयातून मोटार सोडवली गेली, तेथे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा. मोटार खरोखर तेथून आली असेल, तर चासी क्रमांकावरून नोंद शोधता येते. आधुनिक मोटारींचा हा क्रमांक १७ अक्षरांकांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत. खाडाखोड ओळखण्यास एवढी माहितीही कधीकधी पुरेशी ठरते.

आयात धोरणाच्या अटीही येथे लक्षात घ्याव्यात. सर्वसाधारणपणे वापरलेली मोटार निर्मितीपासून तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी, असा नियम आहे. जहाजावर चढवण्यापूर्वीचे तपासणी प्रमाणपत्र लागते. येथे आल्यावर चाचणी करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय व अहिल्यानगरची व्हीआरडीई यांचा समावेश आहे. परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्यांना काही सवलत मिळते. मात्र मोटार तिकडे किमान एक वर्ष आपल्या ताब्यात होती, हे त्यांना दाखवावे लागते. आखाती देशांतून किंवा इंग्लंडहून परतणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच जुनी विमापत्रे आणि बँकेचे कर्जखाते बंद झाल्याचा दाखला टाकून देऊ नये. आठ-दहा वर्षे जुनी, पण भारतात कधीच न नोंदवलेली मोटार विक्रीस आली, तर ती कोणत्या मार्गाने आली, हाच पहिला प्रश्न असायला हवा.

हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये दिसले. भूतानमार्गे आणलेल्या जुन्या महागड्या मोटारींच्या शोधासाठी सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ ही मोहीम राबवली. भूतानच्या जोंगखा भाषेत ‘नुमखोर’ म्हणजे वाहन. सैन्य व दूतावासांच्या नावे बनावट कागद तयार करून या मोटारींची भारतात नोंदणी करण्यात आली, असे विभागाचे म्हणणे आहे. त्यांची नोंदणी प्रमाणपत्रे सरकारी प्रणालीत दिसत होती, तरीही मोटारी जप्त झाल्या. खोट्या कागदांवर मिळवलेली नोंदणी मालकाचे म्हणणे ऐकून रद्द करण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम ५५ ने दिला आहे.

पुढच्या खरेदीदाराला थोडा दिलासा आहे. एका पोर्शे मोटारीच्या प्रकरणात नंतरचा खरेदीदार ‘आयातदार’ ठरत नसल्याने त्याच्याकडून चुकवलेले शुल्क वसूल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. परंतु शुल्काच्या मागणीतून सुटका होणे वेगळे आणि बेकायदा आलेली मोटार हाती राहणे वेगळे. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ खाली अशी वस्तू सरकारजमा होऊ शकते.

पन्नास वर्षांहून जुन्या विंटेज मोटारींसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे आणि आयात मोटारीसाठी तेथेही बिल ऑफ एंट्री अनिवार्य आहे.

मोटार भारतात पूर्वी रीतसर नोंदली गेली असून केवळ नोंदणी प्रमाणपत्र हरवले असेल, तर मार्ग सोपा आहे. पोलिसांत तक्रार नोंदवून मूळ नोंदणी कार्यालयात नमुना क्रमांक २६ भरावा. हे काम नोंदणीकृत मालकाने करायचे असते. म्हणून खरेदीदाराने दुय्यम प्रत विक्रेत्याच्याच नावे काढून घ्यावी आणि मगच हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० भरावेत.

नवीन नोंदणीचा अर्ज फेटाळला गेल्यास तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. वाहन चोरीचे असल्याचा सबळ संशय असेल किंवा पूर्वीच्या नोंदणीचा तपशील दिला नसेल, तर कलम ४५ प्रमाणे नकार देता येतो. मात्र कारणांसह लेखी आदेश देणे बंधनकारक आहे. त्या आदेशाविरुद्ध कलम ५७ खाली ३० दिवसांत अपील करता येते.