छतातला आवाज

मुलाने नवा फ्लॅट घेतला तेव्हा म्हणाला, "अब्बा, हॉलमध्ये एकही स्पीकर दिसणार नाही. सगळे छतात बसवू. बिनतारी!" मी मान डोलावली. कारागीर आला आणि त्याने पहिलाच प्रश्न केला, "लाइटचा पॉइंट कुठे आहे?" बिनतारी स्पीकरलाही वीज लागते आणि ती तारेतूनच येते. शिवाय जोडीतल्या एकाच स्पीकरमध्ये अॅम्प्लिफायर होता, दुसऱ्याला त्याच्यापासून तार ओढावी लागली. बिनतारी होती ती फक्त मोबाइलपासून छतापर्यंतची वाट.

या वाटेचा इतिहास आपल्याच देशातून जातो. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. त्यांच्या लहरींची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी इतकी आखूड होती. आजच्या ब्लूटूथची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. ब्लूटूथचे काम १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झाले. नाव मात्र दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचे. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही लहर वेगवेगळी यंत्रे जोडते. मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास याच लहरींवर चालतो. आमच्याकडे स्वयंपाकघरात दूध गरम करायला ठेवले की हॉलमधली गझल अडखळते, ती त्यामुळेच.

लहर पोचली तरी तिचा आवाज व्हावा लागतो. सुरुवातीच्या काळात बरेच लोक रेडिओ कानाला हेडफोन लावून ऐकत. १९२५ मध्ये अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकात हलणारे तारेचे वेटोळे कागदी शंकूला जोडून दाखवले. वीज कमीजास्त झाली की वेटोळे थरथरते, कागद हवेला ढकलतो आणि आवाज खोलीभर पसरतो. आमच्या छतातही तत्त्व तेच आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. पुढे घराघरांत रेडिओ आला आणि घर त्याच्याभोवती गोळा होऊ लागले.

छत निवडताना आम्ही एक गोष्ट शिकलो. स्लॅबला भोक पाडायचे नसते, आत लोखंड असते. पीओपीचे खोटे छत हवे आणि वरची पोकळी स्पीकरच्या उंचीपेक्षा जास्त हवी. स्पीकर कोपऱ्यात बसवू नयेत, भिंतीपासून दोनेक फूट आत घ्यावेत, नाहीतर आवाज घुमतो. घुमणे हाच जिथे चमत्कार आहे, ते विजापूरचे गोलघुमट वेगळे. तिथे सुमारे ३८ मीटर पलीकडची कुजबुज भिंतीला लागून आपल्या कानाशी येते. राहत्या घरात तो चमत्कार दोन मिनिटांत नकोसा होईल.

अम्मीच्या खोलीतही एक स्पीकर बसवला. तिचे वय ऐंशीच्या पुढे, नजर गेलेली. पहिल्या संध्याकाळी बातम्या लागल्या आणि ती दचकून उठून बसली. "कोण आलंय?" ती चारही दिशांना मान वळवत होती. आवाज डावीकडचा की उजवीकडचा, हे आपण दोन कानांतल्या फरकावरून चटकन ओळखतो. डोक्यावरचा आवाज दोन्ही कानांत एकदमच पोचतो, त्याचा ठाव लागणे अवघड. दिसणारा माणूस वर बघतो आणि विसरून जातो. अम्मीला बघता येत नव्हते.

माझ्या लहानपणी घरात मर्फीचा व्हॉल्व्हचा सेट होता. परीक्षेच्या दिवसांत तो लावायची बंदी. बाहेरून आली की अम्मी आधी सेटवर तळहात ठेवी. गरम लागला की आम्हां भावंडांची चोरी पकडली जाई.

दुसऱ्या दिवशी मुलाने आजीच्या उशाशी स्टुलावर एक साधा रेडिओ आणून ठेवला. हॉलचे स्पीकर छतातच आहेत आणि छान वाजतात. तिच्या खोलीतला मात्र बंद असतो. अम्मी रेडिओ लावते, त्याच्यावर हात ठेवते आणि म्हणते, "हा तापत नाही रे." तरी हात काढत नाही.