ब्रिटनमधील बसबांधणी आणि सरकारी अनुदान : लिलीहॉल ते फॉल्कर्क

सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासात प्रवाशांचा, भाड्याचा आणि मार्गांचा विचार बहुधा होतो. बस बांधणाऱ्यांचा क्वचितच होतो. 'सर्वांसाठी' या अर्थाच्या 'ऑम्निबस' या लॅटिन रूपातील केवळ विभक्तिप्रत्ययाचा तुकडा 'बस' म्हणून जगभर गेला आणि ज्या प्रकृतीला तो लागला होता ती मागे राहिली. बसच्या इतिहासलेखनातही काहीसे असेच घडले आहे. ब्रिटिश सरकारने २०२० च्या फेब्रुवारीत ४,००० धूरविरहित बसगाड्या रस्त्यावर आणण्याचा संकल्प सोडला, तेव्हापासून मात्र हा दुर्लक्षित प्रश्न पुढे आला आहे : सरकारी तिजोरीतून पैसा द्यावयाचा, तर त्या पैशाने घेतलेल्या गाड्या कोणाच्या कारखान्यात बांधल्या जाव्यात? हा प्रश्न नवा आहे असे समजून त्याची चर्चा चालते. वस्तुतः अर्धशतकापूर्वी तो याच देशात एकदा उपस्थित झाला होता, आणि त्याचे उत्तर देण्याच्या प्रयत्नातून एक संपूर्ण उद्योग प्रथम फुगला व नंतर कोसळला.

या उद्योगाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. लँकाशायर परगण्यातील लेलँड या गावी १८९६ मध्ये वाफेवरील गाड्यांची एक कंपनी निघाली. १९०७ मध्ये तिने गावाचेच नाव घेतले. लंडनच्या बसगाड्यांसाठी १९१२ मध्ये ए.ई.सी. ही कंपनी स्थापन झाली. एका कारखान्याने यंत्र व चाके यांसह सांगाडा करावयाचा आणि दुसऱ्याने त्यावर बॉडी चढवावयाची, ही तेथील रूढ पद्धत होती. महाराष्ट्रातील वाचकाला ती अपरिचित नाही, एस.टी.ने दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील आपल्या कार्यशाळांत बाहेरून घेतलेल्या सांगाड्यांवर अशाच बॉड्या बांधल्या. या पद्धतीमुळे लीड्स, लोस्टॉफ्ट, फॉल्कर्क अशा विखुरलेल्या गावांतून सुतार, पत्राकाम करणारे व रंगारी यांच्या पिढ्या तयार झाल्या. लेलँडने १९६२ मध्ये ए.ई.सी. गिळली, आणि १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड हे अवाढव्य मंडळ अस्तित्वात आले.

त्याच वर्षी संमत झालेल्या वाहतूक कायद्याने नव्या बसच्या खरेदीवर अनुदान देण्याची तरतूद केली. आरंभी ते किमतीच्या २५ टक्के होते, १९७१ मध्ये ५० टक्के करण्यात आले. अर्ध्या किमतीत नवी गाडी मिळू लागल्यावर जुन्या गाड्या मोडीत काढण्याची घाई होणे स्वाभाविक होते. परंतु या अनुदानाचा खरा हेतू बसउद्योगाचे पोषण हा नव्हता. प्रवासी मोटारींकडे वळू लागले होते, कंडक्टर मिळेनासे झाले होते, आणि चालकानेच तिकिटे द्यावीत अशा रचनेच्या गाड्या सरकारला हव्या होत्या. म्हणून अनुदान ठरावीक नमुन्याच्या गाड्यांनाच मिळे. मागे उघडा पायठाण असलेल्या दुमजली गाडीच्या बांधणीचा काळ त्यामुळे निश्चितपणे संपला. लंडनच्या प्रसिद्ध 'रूटमास्टर'चे उत्पादन १९६८ मध्येच थांबले होते. अनुदान ग्राहकाला, अट नमुन्याची, आणि लाभ कारखानदाराला, अशी ही त्रिकोणी रचना होती. गाडी देशी असावी असे कायद्यात म्हणण्याची गरज त्या वेळी कोणाला वाटली नसावी. कारण बाजार बव्हंशी देशी कारखान्यांच्याच हाती होता. जे परदेशी आले त्यांनीही तेथेच पाय रोवले. व्होल्वोची 'आइल्सा' ही दुमजली गाडी १९७० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमधील अर्व्हिन येथे बांधली जात असे.

या अनुदानाच्या भरवशावर उभी राहिलेली सर्वांत मोठी वास्तू म्हणजे कंबरलंडमधील वर्किंग्टनजवळचा लिलीहॉल येथील कारखाना. ब्रिटिश लेलँड आणि सरकारी मालकीची नॅशनल बस कंपनी यांनी भागीदारीत तो उभारला. कोळसा व पोलाद यांचे धंदे ओसरत चाललेल्या त्या भागात नवा रोजगार यावा म्हणून सरकारने प्रादेशिक विकासाचे साहाय्यही दिले. येथे सांगाडा व बॉडी हा भेदच नाहीसा झाला. 'लेलँड नॅशनल' ही एकसंध बांधणीची, एकमजली, मोटारीप्रमाणे साखळीपद्धतीने जोडली जाणारी गाडी होती. उत्पादन १९७२ मध्ये सुरू झाले. वर्षाला सुमारे दोन हजार गाड्या काढण्याची कारखान्याची क्षमता होती. परंतु तितकी मागणी कधीच आली नाही. उत्पादन १९८५ मध्ये थांबले तोपर्यंतच्या साऱ्या काळात सात हजारांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, म्हणजे वर्षाला सरासरी सहाशेही नाहीत. गाडी टिकाऊ होती, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले. तथापि ज्या ग्राहकाला आपल्या गावाच्या चढउतारास योग्य असे यंत्र आणि आपल्या पसंतीची बॉडी निवडण्याची सवय होती, त्याला 'हीच घ्या' असे सांगणे जड गेले.

अनुदान १९८० नंतर टप्प्याटप्प्याने कमी होत १९८४ पर्यंत संपले. पंधरा वर्षांची खरेदी दहा वर्षांत उरकली गेल्यासारखी स्थिती होती. ताफे नवे होते, त्यामुळे नव्या गाडीची निकड कोणालाच नव्हती. त्यातच १९८५ च्या कायद्यानुसार २६ ऑक्टोबर १९८६ पासून लंडनबाहेरील बससेवा नियंत्रणमुक्त झाली. भवितव्य अनिश्चित असलेल्या कंपन्यांनी मोठ्या गाड्यांच्या मागण्या थांबवल्या आणि मालवाहू व्हॅनवर बाके बसवलेल्या लहान बसगाड्या घेतल्या. परिणाम यादीनेच सांगावा लागेल. साउथॉलचा ए.ई.सी. कारखाना १९७९ मध्ये, पार्क रॉयल १९८० मध्ये, ब्रिस्टल १९८३ मध्ये, लीड्सचा रो कारखाना १९८४ मध्ये, लोस्टॉफ्टचा ईस्टर्न कोच वर्क्स १९८७ च्या आरंभी बंद झाला. लेलँड बस १९८७ मध्ये तिच्या व्यवस्थापकांना विकण्यात आली. त्यांनी पुढच्याच वर्षी ती व्होल्वोला विकली. लिलीहॉल १९९३ मध्ये बंद पडला.

या पडझडीचे खापर केवळ नियंत्रणमुक्तीवर फोडण्याची प्रथा आहे, आणि तीत तथ्यही आहे. परंतु ती अपुरी आहे. यादीतील बरेचसे कारखाने १९८६ पूर्वीच बंद झाले होते. उलट याच पडत्या काळात गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीने १९८९ मध्ये 'डार्ट' ही मध्यम आकाराची साधी गाडी बाजारात आणली आणि ती हजारोंनी खपली. बाजाराला काय हवे हे ओळखणारा कारखानदार अनुदानावाचून तगला. मात्र एवढ्यावरून अनुदान निरर्थक ठरत नाही. नवी वस्तू जुनीपेक्षा बरीच महाग असते आणि तिचा लाभ विकत घेणाऱ्यापेक्षा रस्त्यावर श्वास घेणाऱ्याला अधिक होतो, तेव्हा सरकारने मधला फरक सोसणे न्याय्यच आहे. विजेवरील बसची स्थिती नेमकी अशी आहे. डार्टची तशी नव्हती.

रो कारखान्याची पुढील कथा भारताशी येऊन मिळते. तो बंद झाल्यावर १९८५ मध्ये त्याच जागेत 'ऑप्टेर' ही नवी कंपनी उभी राहिली आणि जुन्या कारागिरांपैकी अनेकांच्या हाताला पुन्हा काम मिळाले. इकडे मद्रासमध्ये १९४८ मध्ये निघालेल्या अशोक मोटर्समध्ये लेलँडने १९५५ मध्ये भांडवल घातले होते आणि कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले होते. लेलँडचा हा भाग १९८७ मध्ये हिंदुजा समूहाकडे गेला. या अशोक लेलँडने २०१० मध्ये ऑप्टेरचा हिस्सा घेतला आणि पुढे तिची मालकी मिळवली. इंग्लंडमध्ये लेलँडची बस राहिली नाही. तिचे नाव धारण करणाऱ्या भारतीय कंपनीने लेलँडनेच बंद केलेल्या कारखान्याचा वारसा विकत घेतला. ऑप्टेरचे नामांतर २०२० मध्ये 'स्विच' असे झाले. मुंबईत १९३७ पासून धावत असलेल्या दुमजली बसची विजेवरील आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये बेस्टने रस्त्यावर आणली, ती याच स्विचची, भारतात बांधलेली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईची डिझेलवरील शेवटची दुमजली बस निवृत्त झाली. यॉर्कशरमधील शेरबर्न येथील स्विचचे उत्पादन बंद करण्याचा विचार मात्र मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. कारागिरी एका देशातून दुसऱ्या देशात जाते, ती बहुधा अशी पावलापावलाने जाते.

आता सध्याच्या संक्रमणाकडे वळता येईल. इंग्लंडसाठीची 'झेब्रा' ही योजना २०२१ मध्ये सुरू झाली. स्कॉटलंडची योजना स्वतंत्र आहे. रचना १९६८ सारखीच आहे : पैसा बस चालवणाऱ्याला, अट धूर नसण्याची. फरक बाजाराच्या घडणीत आणि कायद्यात आहे. विजेवरील बसच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो, आणि बॅटरीच्या धंद्यात चीनने आघाडी घेतली आहे. फॉल्कर्कची अलेक्झांडर डेनिस ही कंपनी प्रथम चीनच्या बी.वाय.डी.कडून विजेचा सांगाडा घेऊन त्यावर आपली बॉडी चढवीत असे. पुढे तीच चिनी कंपनी पूर्ण बांधलेल्या बसगाड्या घेऊन तिची प्रतिस्पर्धी झाली. दुसरीकडे २०२२ च्या ब्रिटिश अनुदान-नियंत्रण कायद्याने देशी माल वापरण्याच्या अटीवर अनुदान देण्यास मनाई केली आहे. जागतिक व्यापार संघटनेचा करारही तेच सांगतो. १९६८ मध्ये जे लिहिण्याची गरज नव्हती ते आज लिहिता येत नाही. निविदेत स्थानिक रोजगारासारख्या सामाजिक लाभाला गुण देणे एवढीच वाट मोकळी राहते, आणि किमतीपुढे ते गुण किती टिकावेत हे निविदा काढणाऱ्याच्या हिमतीवर अवलंबून असते.

उत्तर आयर्लंडमधील बॅलिमीना येथील राइटबस सप्टेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुमारे १,२०० कामगारांची नोकरी गेली. महिन्याभरात ती नव्या मालकाने घेतली आणि हायड्रोजन व वीज यांवरील गाड्यांनी सावरली. फॉल्कर्कची वेळ नंतर आली. फॉल्कर्क येथील कारखाना बंद करून जवळच्या लार्बर्टचे उत्पादन थांबवण्याचा व सर्व काम इंग्लंडमधील स्कारबरो येथे एकत्र करण्याचा प्रस्ताव अलेक्झांडर डेनिसने जून २०२५ मध्ये मांडला. सुमारे ४०० नोकऱ्या धोक्यात आल्या. विजेवरील बसच्या ब्रिटिश बाजारात चिनी कंपन्यांचा वाटा १० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेल्याचे कारण कंपनीने पुढे केले. स्कॉटलंडच्या करदात्यांच्या पैशातून घेतलेल्या गाड्या स्कॉटलंडमध्ये का बांधल्या जाऊ नयेत, असा प्रश्न कामगार संघटनांनी विचारला. सप्टेंबरात स्कॉटिश सरकारने, नव्या मागण्यांचे काम सुरू होईपर्यंत कामगारांचे वेतन चालू राहावे यासाठी, ४० लाख पौंडांपर्यंतची तरतूद केली आणि दोन्ही कारखाने तूर्त वाचले.

ही तरतूद बस खरेदीसाठी नव्हती; दोन मागण्यांमधील रिकामा काळ भरून काढण्यासाठी होती. लिलीहॉलला तो काळ भरून देणारे कोणी भेटले नाही. योजनेचा हप्ता सुटला की कारखान्यांची झुंबड आणि हप्ता संपला की शुकशुकाट, हे चक्र कामगाराला जितके मारते तितके बहुधा परदेशी स्पर्धाही मारीत नाही. कारण घरी बसवलेला कुशल पत्रेकार दुसऱ्या धंद्यात गेला की परत येत नाही. मार्च २०२५ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश बसउत्पादन तज्ज्ञमंडळाकडे पुढील दहा वर्षांच्या मागणीचा अंदाज मांडण्याचे काम आहे. त्या अंदाजाचे प्रत्यक्ष मागणीत रूपांतर स्थानिक वाहतूक प्राधिकरणे आणि खाजगी कंपन्या करणार आहेत. त्यांच्यावर ते बंधनकारक नाही.