उदार्निक आणि पलीकडचा काठ

'उदार्निक' या रशियन शब्दाला मराठीत एक प्रतिशब्द पुरत नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त काम उपसणारा आदर्श कामगार, हा त्याचा सोव्हिएत काळातला अर्थ. तालवाद्य वाजवणाराही उदार्निकच. मॉस्कोतल्या याच नावाच्या चित्रपटगृहाचा इतिहास वाचताना हा पेच मला पुन्हा भेटतो.

वास्तुरचनाकार बोरिस योफान यांनी नदीकाठच्या सरकारी निवाससंकुलाचा भाग म्हणून ते बांधले. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी ५०५ सदनिका, शिवाय क्लब, दुकान, धुलाईघर, भोजनगृह. माणसाचे रोजचे जगणेच नव्याने आखायचे, हा रचनावाद्यांचा ध्यास इथे दिसतो. सुमारे १५०० आसनांच्या प्रेक्षागृहाचे छत उघडता यावे, अशी योजना होती. ७ नोव्हेंबर १९३१ ला, क्रांतीच्या वर्धापनदिनी, चित्रपटगृह सुरू झाले.

महिन्याभरातच, ५ डिसेंबरला, नदीपलीकडचे ख्रिस्त तारणहार कॅथीड्रल सुरुंग लावून पाडण्यात आले. तिथे योफान यांच्याच आराखड्यानुसार सोव्हिएत प्रासाद उभा राहायचा होता. तो झाला नाही. पुढे त्या जागी पोहण्याचा तलाव आला आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर कॅथीड्रल पुन्हा बांधले गेले. अलीकडच्या काठावर, १९३७-३८ च्या दमनकाळात, संकुलातल्या शेकडो रहिवाशांना अटक झाली. अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. युरी त्रिफोनोव यांच्या १९७६ च्या कादंबरीमुळे संकुलाचे 'नदीकाठचे घर' हे नाव रूढ झाले. सोव्हिएत काळ संपल्यावर उदार्निकमध्ये जुगारघर थाटले गेले, नंतर समकालीन कलेची प्रदर्शनेही भरली.

आता जपायचे ते नेमके काय? पलीकडे नवी प्रतिकृती आहे. मधल्या सत्तर वर्षांची खूण तिच्या भिंतींवर नाही. अलीकडे मूळ वास्तू आहे, पण तिचा वापर बदलत गेला. अशा वेळी १९३१ चे रूप जसेच्या तसे परत आणण्याचा मोह होतो. अनुवादक म्हणून हा मोह माझ्या ओळखीचा आहे: संहितेवरून फिरलेले नंतरचे हात पुसून 'मूळ' तेवढे वाचकाला द्यायचे.

उदार्निकमध्ये पुन्हा चित्रपट लागावेत, असे मला मनापासून वाटते. संकुलातल्या छोट्या संग्रहालयात रहिवाशांच्या आठवणी जपलेल्या आहेत. तिकीट काढणाऱ्याला त्याही कळाव्यात, आणि इथे काही वर्षे जुगार चालला हेही. नाहीतर इतक्या खर्चाने जपलेली वास्तू प्रेक्षकाला फक्त उद्घाटनाचा दिवस दाखवत राहील.