मामूंचा स्पेक्ट्रम कोणत्या पिढीचा?

मरहूम मामूंच्या गेवराईच्या घरातून एक काळा कीबोर्ड आणि एक कॅसेट निघाली. कॅसेटवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पाढे – बिघडलेलं’.

तो नुसता कीबोर्ड नाही, अख्खा कॉम्प्युटर आहे. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ साली आला. टीव्ही हाच त्याचा पडदा आणि टेपरेकॉर्डर हीच त्याची तिजोरी. १९८४ मध्ये टणक बटणांचा स्पेक्ट्रम प्लस निघाला. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तोच परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाने विकला. मामूंकडचा हाच.

या यंत्रांचं वय बाहेरून ओळखू येत नाही. प्लसच्या डब्यात जुन्या ४८केचाच सर्किट बोर्ड असे, आणि तो बोर्ड मात्र बदलत गेला. खरा क्रमांक त्या बोर्डावर छापलेला असतो, ‘इश्यू २’, ‘इश्यू ३’ असा. डबा उघडायचा नसेल तर यंत्रालाच विचारावं: प्रिंट इन ५७३४२. उत्तर २५५ आलं तर बोर्ड इश्यू २ किंवा त्याआधीचा. १९१ आलं तर १९८३ च्या इश्यू ३ चा किंवा नंतरचा. फरक बरोबर ६४ चा. (शाळांत १९८४ पासून आलेल्या बीबीसी मायक्रोचं काम सोपं, स्टार एफएक्स शून्य टाइप केलं की तो आपली आवृत्ती स्वतःच सांगतो.)

हे ६४ कुठून आले? या आकड्याचे शेवटचे पाच बिट म्हणजे पाच बटणं. सहाव्या क्रमांकाचा बिट टेपच्या तारेचा. बटणांशी त्याचा संबंध नाही, आणि मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही होतं. तरी अनेकांनी पूर्ण आकडाच तपासला. इंग्लंडमधल्या व्यावसायिक गेम लिहिणाऱ्यांनीही हेच केलं, आणि नव्या बोर्डावर त्यांच्या गेममधली बटणं मुकी झाली.

मामूंनी पाढ्यांचा प्रोग्राम सौदीहून आलेल्या दोस्ताच्या रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमवर लिहिला होता. स्वतःचं यंत्र घेतल्यावर तो पहिल्या प्रश्नापुढे सरकेना. अम्मी सांगते, आठवडाभर ते चूक शोधत बसले, मग नाद सोडला.

आमच्या यंत्राने १९१ सांगितलं. प्रोग्राममध्ये ‘पी दाबा’च्या ओळीत २५४ होते, मी तिथे १९० केले. पी दाबलं. दुसरा प्रश्न आला: तेरा सक्के?