पाण्यात न टिकणारा धागा

'विरघळणारे टाके' हे शब्द आपण सगळ्यांनीच ऐकलेले असतात. टाके काढायला परत जावं लागणार नाही, एवढं कळलं की आपण खूश. पण धागा अंगात विरघळतो म्हणजे नेमकं होतं काय? या वीकेंडला त्याचाच माग काढत बसलो आणि हाती लागली ती एका नापास धाग्याची गोष्ट.

१९३० च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स कृत्रिम धागे बनवायच्या खटपटीत होता. त्याचे पहिले पॉलिएस्टर धागे गरम पाण्यापुढे टिकाव धरेनात. जे कापड धुता येत नाही ते काय कामाचं? तो नाद सोडून तो दुसऱ्या रसायनांकडे वळला आणि १९३५ साली नायलॉन जन्मलं.

सर्जन मंडळी तेव्हा कॅटगट वापरत होती. (नावात मांजर असलं तरी येतं ते मेंढीच्या नाहीतर गाईच्या आतड्यापासून!) त्याला शरीरातली एन्झाइम्स पचवतात, कुणाच्या अंगात लवकर, कुणाच्या उशिरा. जखम भरायच्या आत धागा गेला तर काय, ही धास्ती कायमची. १९६० च्या दशकात अमेरिकन सायनामिड कंपनीने पॉलिएस्टरचाच भाऊबंद, पॉलिग्लायकोलिक ॲसिड, टाक्यांसाठी घेतला. यात साखळीचे दुवे पाणी तोडतं, आणि पाणी तर प्रत्येकाच्या अंगात असतंच. त्यामुळे धागा किती दिवसांत जाणार याचा अंदाज बांधता येऊ लागला. आमच्या भाषेत, बगचं फीचर झालं. १९७० च्या सुमारास तो 'डेक्सॉन' नावाने बाजारात आला. त्याआधी १९६६ साली पॉलिलॅक्टिक ॲसिड शरीरात वापरण्यावर अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतून एक पेपर निघाला होता. त्यावरचं पहिलंच नाव आर. के. कुलकर्णी! उगाचच कॉलर ताठ झाली.

पुढे याच जातीच्या प्लास्टिकला आकारही लक्षात ठेवता येऊ लागला. २००२ साली लेंडलाइन आणि लँगर यांनी असा विरघळणारा धागा दाखवला की गाठ सैल बांधायची आणि ४० अंशांच्या आसपास ऊब दिली की ती स्वतःच आवळते. पण पोटात ऊब द्यायची कशी? २००५ मध्ये सिंगापूरच्या हुआंग यांच्या गटाने दाखवलं की एक पॉलियुरेथेन साध्या पाण्यात ठेवलं तरी मूळ आकारावर येतं. पाणी आत शिरून रेणूंमधले हायड्रोजन बंध ढिले करतं आणि मग वेगळी उष्णता लागत नाही. मात्र ते प्लास्टिक विरघळणारं नव्हतं.

खरी गोम इथेच आहे. पाण्याने अर्ध्या तासात आकार द्यायचा, मग महिनोन् महिने साखळ्या धीराने कुरतडायच्या, आणि मधल्या काळात वस्तूने ताकद धरून राहायचं. हा मधला काळ किती अवघड असतो ते ॲबटच्या 'ॲबसॉर्ब' स्टेंटने दाखवलं. तो पॉलिलॅक्टिक ॲसिडचाच, पण आकार लक्षात ठेवणारा नव्हे, फुग्याने फुगवायचा. प्लास्टिक धातूपेक्षा कमजोर, म्हणून त्याच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या, सुमारे १५० मायक्रॉन. पूर्ण विरायला साधारण ३ वर्षं. २०१६ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण धातूच्या स्टेंटपेक्षा यात रक्ताच्या गुठळ्या जास्त होताना दिसल्या आणि २०१७ मध्ये त्याची विक्री थांबली.