पृष्ठभागावरील रक्त आणि एचआयव्हीची भीती

लोकलचा दांडा, बसची सीट, सलूनमधली खुर्ची किंवा दवाखान्यातले टेबल यांवरच्या रक्ताच्या डागाला हात लागला, म्हणून एचआयव्हीची लागण झाली असेल, अशी शंका मनात घर करते. प्रत्यक्षात पृष्ठभागावरील रक्ताला स्पर्श झाल्याने लागण झाल्याची एकही सिद्ध नोंद नाही.

एचआयव्ही वाढतो तो माणसाच्या जिवंत पेशींत, मुख्यतः सीडी-४ प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींत. शरीराबाहेर त्याची वाढ होत नाही, आणि त्याचे मेदयुक्त आवरण नाजूक असते. रुग्णाच्या रक्तात असतात त्याहून कितीतरी अधिक विषाणू घेऊन केलेल्या प्रयोगांतही रक्त वाळल्यावर काही तासांत संसर्गक्षम विषाणू ९० ते ९९ टक्क्यांनी घटले. उरलेल्यांना शरीरात शिरायला वाट हवी असते. न फाटलेल्या त्वचेतून ती मिळत नाही. बाधित रक्ताने माखलेली सुई आरोग्य कर्मचाऱ्याला खोल टोचली तरी लागणीची शक्यता हजारात सुमारे तीन असते. डोळ्यांत वा तोंडात असे रक्त उडाल्यास ती त्याहूनही कमी.

सिरिंजची गोष्ट वेगळी. तिच्या आत अडकलेले रक्त लवकर वाळत नाही आणि विषाणू बरेच दिवस तग धरू शकतो. म्हणूनच सुया वाटून घेऊन नशा करणाऱ्यांत लागण पसरते. वाळलेल्या डागाची काळजी करायचीच, तर ती हिपॅटायटिस-बीची करावी: तो विषाणू पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो. त्यावर लसही आहे.

ही भीती माहितीने नेहमीच जात नाही. डाग रक्ताचाच होता का, बोटावर ओरखडा होता का, हे मन पुन्हा पुन्हा तपासते. हात धुणे, त्या जागा टाळणे, एकामागून एक चाचण्या करणे सुरू होते. चाचणी निगेटिव्ह आली की चार दिवस बरे वाटते, मग ‘विंडो पिरियड’ची, म्हणजे लागण चाचणीत दिसू लागण्यापूर्वीच्या काळाची, शंका डोके वर काढते, साधा ताप किंवा मानेतली गाठही पुरावा वाटू लागते. हे चक्र मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, लक्षण असू शकते. प्रत्येक वेळी दिलेला दिलासा ते आणखी पक्के करतो. उपाय मानसोपचारात आहे: भीतीला सामोरे जाऊन तपासण्याची, धुण्याची कृती रोखण्याचा सराव आणि गरजेनुसार औषधे.

समाजाच्या पातळीवर हीच भीती क्रूर ठरली. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा यांना केवळ एचआयव्हीबाधित म्हणून सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस डांबून ठेवले गेले. बाधितांशी भेदभाव करण्यास देशभर बंदी घालणारा कायदा २०१७ मध्ये झाला.

सांडलेले रक्त हातमोजे घालून टिपावे, जागेवर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण घालावे, काही मिनिटांनी पुसून हात धुवावेत. सुई टोचणे किंवा ताज्या जखमेत दुसऱ्याचे ओले रक्त जाणे, असे खरेच घडले तर तातडीने डॉक्टरांकडे जावे. प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. वाळलेल्या डागाला हात लागला, यासाठी ती दिली जात नाहीत. शंका असल्यास १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो.